घरची बोली, शाळेची भाषा आणि गाणें

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय थोडा व्यवहाराचा आहे. आपली नव्हे अशी भाषा शिकतांना गाण्याचा उपयोग होतो काय, होत असेल तर किती आणि कोणत्या रीतीनें, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढें मांडणार आहें. उदाहरण मात्र दूरचें घेत नाहीं. आपल्या खानदेशांतील जळगांव आणि धुळें या जिल्ह्यांचें घेतों.

परभाषा म्हटली कीं सुशिक्षित घरांत इंग्रजी डोळ्यांपुढें येते, फार तर जर्मन किंवा फ्रेंच. परंतु खानदेशांतील कित्येक मुलांना आयुष्यांतली पहिली परभाषा भेटते ती शाळेच्या पहिल्या वर्गांत, आणि तिचें नांव मराठी असें असतें. घरीं त्यांची माय अहिराणी बोलते. यावल-रावेरकडे लेवा गणबोली बोलते. सातपुड्याच्या पायथ्याशीं, शिरपूर-चोपड्याच्या बाजूला, पावरी बोलते. शाळेंत गुरुजी आणि पुस्तक हीं दोन्ही प्रमाण मराठी बोलतात.

अहिराणी म्हणजे मराठीच, फक्त जरा अडाणी, असें समजणारे लोक शहरांत पुष्कळ आहेत. ही समजूत एकदां तपासून पाहण्यासारखी आहे. ग्रियर्सनसाहेबांनीं हिंदुस्थानच्या भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तींतला मराठीचा खंड १९०५ सालीं निघाला. खानदेशी त्या खंडांत नाहीं. ती १९०७ सालीं निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागांत, भिल्ली बोलींच्या शेजारीं आहे. २०११ च्या जनगणनेंतहि खानदेशी निराळी मोजली गेली, आणि ती आपली मातृभाषा म्हणून सांगणारांची संख्या साडेअठरा लाखांच्या वर भरली. तिला भाषा म्हणावें कीं बोली म्हणावें, हा वाद पंडितांचा आहे. सहा वर्षांच्या मुलाला त्या वादाशीं कर्तव्य नाहीं. त्याला अंतर तेवढें जाणवतें.

तें अंतर केवढें आहे पाहा. आपण ‘माझें घर मोठें आहे’ म्हणतों. तें मूल ‘मनं घर मोठं शे’ असें म्हणतें. आपलें ‘मला’ तें त्याचें ‘माले’, आपलें ‘घरांत’ तें त्याचें ‘घरमा’. ‘पाणी’ या शब्दांतल्या ण चा त्याच्या तोंडीं न होतो, आणि ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. हे भेद कानाला चटकन् कळतात व लवकर आटोक्यांत येतात. खरी अडचण क्रियापदाची आहे. अहिराणींत तो करस आणि तीहि करस. वर्तमानकाळीं क्रियापदाला लिंगाचा विटाळ नाहीं. मराठींत मात्र तो करतो, ती करते, तें करतें. म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटीं या मुलाला एक निवड करावी लागते, जी त्याच्या आईला कधीं करावी लागली नव्हती.

ती निवड चुकली म्हणजे वर्ग हंसतो. गुरुजी पुष्कळदां हंसतहि नाहींत. ‘नीट बोल’ एवढेंच म्हणतात. परंतु मूल त्याचा अर्थ निराळा घेतें. तें आईकडून शिकलें तसेंच बोललें होतें. मग आईच नीट बोलत नाहीं असें ठरलें. यानंतर दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर तें मूल गप्प बसूं लागतें. आणि भाषा बोलूनच येत असल्यामुळें गप्प बसणाऱ्याला ती येत नाहीं. नाहीं तर घरचीं माणसें सावध होतात व मुलांशीं अहिराणी बोलणें बंद करतात. आजीनें अहिराणींत विचारावें आणि नातवानें मराठींत उत्तर द्यावें, हें दृश्य आपल्या शहरांतून आतां नवें राहिलेलें नाहीं. पहिल्या प्रकारांत मराठी हातीं लागत नाहीं, दुसऱ्या प्रकारांत हातची अहिराणी जाते. दोहोंपैकीं एकहि न गमावतां काम होईल काय, हा खरा प्रश्न आहे; आणि गाण्याचें महत्त्व मला वाटतें तें याच ठिकाणीं.

खानदेशाला हा उपाय अगदींच नवा नाहीं. मुक्ताईनगरहून, म्हणजे जुन्या एदलाबादेहून, दरवर्षीं आषाढीसाठीं मुक्ताबाईची पालखी पंढरपुरास जाते. तिच्या संगतीनें चालणाऱ्या बायाबापड्यांपैकीं कित्येकांचें रोजचें बोलणें बोलींतलें असतें. परंतु टाळ हातीं आले कीं ज्ञानेश्वरांची, नामदेवांची, तुकारामांची मराठी त्यांच्या तोंडून न अडखळतां बाहेर पडते. जी विभक्ति त्यांच्या घरीं कधीं उच्चारली गेली नाहीं, ती अभंगांत जागच्या जागीं येते. हें व्याकरण त्यांना कोणी शिकविलें? टाळांनीं शिकविलें, आणि शेजारीं चालणाऱ्याच्या गळ्यानें शिकविलें. अक्षरओळख नसलेल्या माणसांना सातशें वर्षांपूर्वींची साहित्याची भाषा मुखोद्गत असावी, ही गोष्ट आपण इतक्या वेळां पाहिली आहे कीं तिचें आश्चर्य वाटेनासें झालें आहे.

गाण्याला हें कसें साधतें? मला तीन कारणें दिसतात. परकी भाषा प्रथम ऐकूं येते तेव्हां ती शब्दांनीं येत नाहीं. एक अखंड ओघ कानावर पडतो, आणि एक शब्द कोठें संपला व दुसरा कोठें लागला हेंच उमगत नाहीं. चाल हा ओघ फोडून देते. फ्रान्समधील संशोधकांनीं २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन तीन अक्षरांचे कांहीं निरर्थक शब्द रचून ते त्यांनीं मध्यें न थांबतां लोकांना ऐकविले. साधे उच्चारून ऐकविले तेव्हां थोड्या मिनिटांच्या श्रवणानंतर लोकांना ते शब्द वेगळे ओळखतां येईनात. प्रत्येक अक्षराला ठराविक स्वर देऊन गाऊन ऐकविले तेव्हां ओळखतां येऊं लागले. शब्दांना अर्थ नव्हता. ओळख पटली ती सुरांच्या आधारानें.

दुसरें कारण पुनरावृत्तीचें. एखादें वाक्य दहा वेळां म्हणावयास सांगितलें तर मुलाला ती शिक्षा वाटते. तेंच वाक्य ध्रुपद होऊन दहा वेळां आलें तर तें मूल अकराव्या वेळेची वाट पाहतें. येथें एक सूचना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९९४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, एकाच चालीचीं अनेक कडवीं ऐकून ती चाल ओळखीची झाली म्हणजेच शब्द लक्षांत राहण्यास तिची मदत होते. एकच कडवें ऐकून चाल नवखी राहिली तर तसा फायदा होत नाहीं. अनोळखी चाल हें शिकणाराला आणखी एक ओझेंच होतें. या गोष्टीकडे मी पुढें पुन्हां येणार आहें.

तिसरें कारण भीतीचें. दहा गळ्यांच्या मेळांत एका गळ्याची चूक कोणी वेचून काढीत नाहीं. जें मूल एकट्यानें बोलण्यास धजत नाहीं, तें सर्वांबरोबर गाऊं लागतें; आणि ज्या जिभेला ण किंवा ळ वळत नव्हता, ती जीभ हंसें न होतां सरावाला लागते.

मोठ्या माणसांच्या बाबतींतहि हें खरें ठरलें आहे. एडिंबरो येथील विद्यापीठांतल्या अभ्यासकांनीं साठ प्रौढ माणसांना पंधरा मिनिटें हंगेरियन भाषेंतील छोटीं वाक्यें शिकविलीं. कांहींनीं तीं साधीं म्हटलीं, कांहींनीं तालांत म्हटलीं, कांहींनीं गायिलीं. हंगेरियन वाक्य आठवून जसेंच्या तसें म्हणून दाखविण्याच्या परीक्षेंत गाणारे पुढें राहिले. २०१४ सालीं छापलेल्या या निबंधांतले ‘जसेंच्या तसें’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. गाण्यामुळें वाक्य जसें ऐकलें तसें राहतें. परंतु बोलणें म्हणजे ऐकलेलें वाक्य परत करणें नव्हे. न ऐकलेलें वाक्य करतां येणें, याचें नांव भाषा येणें.

याचा अनुभव आपणां सर्वांना आहे. हिंदी चित्रपटांतील शेंकडो गीतें आपल्याला पाठ असतात, आणि गातांना उच्चारहि बरे होतात. परंतु बऱ्हाणपूर ओलांडून खांडव्याच्या स्टेशनावर दोन वाक्यें बोलण्याची वेळ आली कीं आपण ‘किताब अच्छा है’ म्हणून मोकळे होतों. किताब स्त्रीलिंगी आहे, हें कोणत्याहि गाण्यानें आपल्याला थांबवून सांगितलेलें नसतें. तीच गोष्ट इंग्रजीची. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालें, आणि घरोघर लहान मुलें पाहुण्यांपुढें इंग्रजी गाणीं हातवारे करून म्हणूं लागलीं. पाहुणे टाळ्या वाजवितात. पण त्या गाण्यांतला एक शब्द बदलून त्याच मुलाला नवें वाक्य करावयास सांगा, म्हणजे तें किती शिकलें हें कळेल. पुष्कळदां तें नुसतेंच पाढे म्हटल्यासारखें म्हणत असतें. पाढ्यांना निदान गणिताचा उपयोग तरी असतो.

मराठी गाण्यांत आणखी एक खोंच आहे. कवितेची भाषा बोलण्याची नसते. कवितेंत ‘येई’, ‘जाई’, ‘करी’ अशीं रूपें येतात, क्रियापद वाक्याच्या आरंभीं येतें, ऱ्हस्व दीर्घ होतें आणि दीर्घ ऱ्हस्व होतें. ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याला हा कवितेचा शृंगार आहे हें आपोआप कळतें. परंतु अहिराणी किंवा पावरी बोलणारें मूल त्यालाच मराठी समजतें, आणि ‘गुरुजी येई’ असें म्हणतें. पुन्हां हंसण्याला निमित्त होतें. म्हणून गोड तें गाणें शिकण्यास योग्यच, असें धरून चालतां येत नाहीं. आणि ज्या मेळामुळें भित्र्या मुलाला धीर येतो, त्याच मेळांत कांहींच न येणारें मूल नुसते ओंठ हलवून वर्षभर लपूनहि राहूं शकतें.

मग शिक्षकानें, किंवा घरीं आईनें, काय करावें? प्रथम चाल घरची घ्यावी. खानदेशांत चालींचा तोटा नाहीं. श्रावणांत कानबाईचीं गाणीं असतात, भाद्रपदांतल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाईचीं असतात, आणि आखाजीला सासरहून आलेल्या लेकी झोक्यावर बसून गातात. या चाली मुलांच्या कानांत आधींपासूनच आहेत. मघांशीं सांगितल्याप्रमाणें नवखी चाल हें ओझें असतें. ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसविले म्हणजे मुलाचें निम्में काम घरींच झालेलें असतें.

नंतर एका गाण्यांत एकच गोष्ट शिकवावी. समजा, क्रियापदाचें लिंग शिकवावयाचें आहे. मामा येतो, मावशी येते, वासरूं येतें; एवढाच मजकूर गुलाबाईच्या एखाद्या चालीवर बसवावा. रचना साधी असावी, बोलतांना जसे शब्द येतात त्याच क्रमानें यावी. मुलांनीं मामा, मावशी आणि वासरूं व्हावें व वर्गांत खरोखरच यावें. गाणें अंगवळणीं पडलें म्हणजे सूर सोडून टाळीच्या तालावर तेंच म्हणावें. मग टाळीहि सोडावी. शेवटीं एकेकाला विचारावें, ‘आतां कोण येतें?’ मुलानें स्वतःच्या घरांतलें माणूस किंवा जनावर आणावें: आजी येते, बैल येतो, पांखरूं येतें. ज्या क्षणीं गाण्यांत नसलेलें पांखरूं त्यानें आणलें व त्याला योग्य क्रियापद दिलें, त्या क्षणीं त्याचें पाठांतर संपलें व बोलणें सुरू झालें. गाणें असें उघडून दाखविण्याचें काम शिक्षकाचेंच आहे. तें चाल करीत नाहीं.

आणि आतां तिसरी गोष्ट, जी बहुधा वगळली जाते. मुलांना विचारावें, ‘हें तुमच्या घरीं कसें म्हणतात?’ तीं सांगतील, मामा येस, मावशी येस. तेंहि त्याच चालीवर म्हणावें. गुरुजींनींहि मुलांबरोबर म्हणावें. दोन कडवीं एकामागून एक म्हटलीं कीं फरक मुलांच्या कानालाच कळतो: घरच्या कडव्यांत क्रियापद जागचें हलत नाहीं, शाळेच्या कडव्यांत तें माणसागणिक बदलतें. हा व्याकरणाचा उत्तम धडा झाला, आणि त्यांत कोणाची आई अशुद्ध ठरली नाहीं. दोन रीति आहेत, दोन्हींना चाल आहे, आणि कोठें कोणती म्हणावी हें आपल्याला ठाऊक आहे, एवढेंच मुलाला कळतें. तेवढें कळलें म्हणजे लाजेचें कारण उरत नाहीं.

पावरी मुलांच्या शाळेंत हें काम अधिक कठीण आहे, कारण तेथें शिक्षकालाच मुलांची भाषा पुष्कळदां येत नसते. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें, आणि पुढें त्या व अनुताई वाघ यांनीं कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठीं जें बालशिक्षणाचें काम केलें, त्याचा धडा येथें उपयोगी आहे. आधीं मुलांच्या अंगणांत जावयाचें, मग त्यांना आपल्या अंगणांत बोलवावयाचें. सातपुड्याच्या शाळेंतील शिक्षकानें पहिल्या आठवड्यांत मुलांकडून एक पावरी गाणें शिकून घ्यावें. त्याचे उच्चार चुकतील, मुलें हंसतील, हंसूं द्यावें. परकी भाषा बोलतांना मोठें माणूसहि चुकतें व तरी पुन्हां म्हणतें, हें त्यांनीं एकदां पाहिलें म्हणजे त्यांचींहि तोंडें उघडतील.

एकाच चालींत दोन भाषा ही कल्पना धुळ्याला तरी अपरिचित वाटूं नये. विनोबांनीं १९३०-३१ सालीं ‘गीताई’ लिहिली ती समश्लोकी. संस्कृत न जाणणाऱ्या आपल्या आईची गीता समजून घेण्याची इच्छा त्यांच्या मनांत होती. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं व साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, हें आपण जाणतांच. गीताईचा श्लोक मूळ श्लोकाच्याच ठेवणीचा असल्यामुळें, ज्या बाईला गीताई पाठ आहे, तिला संस्कृत गीता कानावर पडली असतां चालीवरून वाट सांपडते. अनोळखी शब्दांतून ओळखीचा अर्थ डोकावूं लागतो.

साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. पुढें तिरुचिरापल्लीच्या तुरुंगांत त्यांनीं तमीळ शिकण्यास आरंभ केला, आणि तिरुवळ्ळुवरांच्या कुरळाचा मराठींत अनुवाद केला. प्रांताप्रांतांच्या लोकांनीं एकमेकांच्या भाषा शिकाव्या, हा त्यांच्या आंतरभारतीच्या कल्पनेचा गाभा होता. ती कल्पना प्रांतांपुरती मर्यादित ठेवण्याचें कारण नाहीं. एकाच वर्गांतल्या दोन बाकांमध्येंहि कधीं कधीं प्रांताएवढें अंतर असतें.

आणि शेवटीं, श्रोतेहो, आपल्या स्वतःच्या अनुभवाची एक आठवण देतों. बहिणाबाई चौधरी १८८० सालीं जळगांवजवळच्या असोद्यास जन्मल्या आणि १९५१ सालीं वारल्या. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं त्यांचे चिरंजीव, कवि सोपानदेव चौधरी, यांनीं जपलीं, आणि १९५२ सालीं आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तीं पुस्तकरूपानें बाहेर आलीं. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटानें त्यांतलीं कांहीं घरोघर पोंचविलीं. २०१८ सालापासून जळगांवचें विद्यापीठ त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. त्यांची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली आहे. पण पुण्या-मुंबईच्या कानाला ती परकीच होती. तरीहि ‘मले’ आणि ‘तुले’, आणि ळ च्या जागीं आलेला य, हें सारें त्या शहरांतील घरांनीं कोश न उघडतां शिकून घेतलें. चालीनें अर्थ आणला, अर्थानें शब्द आणले, आणि बहिणाबाईंना ‘नीट बोला’ असें सांगण्याचें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं.

जी भाषा गाण्यांत आपण आदरानें ऐकली, तीच वर्गांतल्या मुलाच्या तोंडीं आली म्हणजे अशुद्ध कां ठरावी? बहिणाबाईंच्या शब्दांना जो वेळ आपण दिला, तेवढाच वेळ त्या मुलाच्या शब्दांना द्यावा, आणि आपले शब्द त्याला त्याच गोडीनें द्यावे, इतकेंच माझें मागणें आहे. त्याला मोठा खर्च लागत नाहीं. पुढच्या भाद्रपदांत गुलाबाई बसेल, तेव्हां घरांतल्या मुलींना आजीकडून एक गाणें तिच्या बोलींत शिकूं द्या, आणि त्याच चालीवर मराठींत एक रचूं द्या. पहिल्या गाण्याचे शब्द आजीला विचारून नीट लिहून ठेवा. दुसरें गाणें शेजारच्या ज्या मुलीला मराठी बोलतांना संकोच वाटतो, तिला आपल्याबरोबर म्हणूं द्या. आणि गाणें संपलें कीं तिच्याशीं बोलत बसा.